घरपट्टी थकली म्हणून हक्क थकत नाही

मूलभूत हक्क आणि मूलभूत कर्तव्यं यांच्या नात्याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बऱ्याच पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून येतं: ‘आधी कर्तव्य करा, मग हक्क मागा.’ कुणाला ते ग्रामपंचायतीत ऐकवलं गेलं, कुणाला शाळेत, कुणाला पोलीस ठाण्यात. संविधानात हे वाक्य कुठेही नाही. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

मुलीच्या शाळेसाठी जन्मदाखला हवा होता. ग्रामपंचायतीत सांगितलं, तीन वर्षांची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरा, मग दाखला. कर भरणं हे मूलभूत कर्तव्य आहे, असंही ऐकवलं. खरं आहे का?
(एक वाचक, बार्शी तालुका)

नाही. कर भरणं कायद्याने बंधनकारक आहे, पण ते मूलभूत कर्तव्यांच्या यादीत नाही. ही यादी संविधानाच्या कलम ५१-क मध्ये आहे. १९७६ सालच्या ४२व्या घटनादुरुस्तीने ती आली आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाली. त्याआधी सरदार स्वर्णसिंग समितीने आठ कर्तव्यं सुचवली होती आणि त्यांत कर भरणं होतं. कर्तव्य न पाळणाऱ्याला शिक्षेची तरतूद असावी, असंही समितीने म्हटलं होतं. संसदेने दहा कर्तव्यं घातली, पण कराचं कलम आणि शिक्षेची सूचना दोन्ही गाळली. अकरावं कर्तव्य, मुलांना शिक्षणाची संधी देण्याचं, २००२ सालच्या ८६व्या दुरुस्तीतून आलं.

तो काळ आणीबाणीचा होता, हे विसरून चालणार नाही. नागरिकांना कर्तव्यांची यादी मिळाली त्याच वर्षी, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं होतं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना होते. पुढे जनता सरकारने ४२व्या दुरुस्तीतला बराच भाग काढून टाकला, पण ५१-क तसंच ठेवलं. आमच्या मते ते टिकलं याचं एक कारण हेच, की त्याच्या हातात छडी नव्हती.

आता तुमचा दाखला. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यात दाखला देण्यासाठी कराच्या थकबाकीची अट नाही. थकबाकी वसूल करायचा रस्ता ग्रामपंचायत अधिनियमात, कलम १२९ मध्ये, वेगळा दिलेला आहे: आधी बिल, मग मागणीची नोटीस, तरीही भरलं नाही तर जप्ती आणि विक्री. हा रस्ता लांबचा वाटतो म्हणून दाखला अडवून वसुली केली जाते. घडतं ते इथेच, आणि तेही तोंडी. लेखी नकार सहसा कुणी देत नाही.

म्हणून काम कागदावर आणा. अर्ज लेखी द्या किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून करा, आणि पोच घ्या. पोचेवर अर्जाचा क्रमांक आणि तारीख हवी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली जन्मनोंदीचा दाखला ही अधिसूचित सेवा आहे. तिची मुदत, फी आणि अपील अधिकाऱ्याचं पद कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्यानंतर दुसरं अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. सबळ कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावंच लागतं. बऱ्याचदा ‘कारण लेखी द्या’ एवढं म्हटल्यावरच दाखला हातात पडतो.

एक सावधगिरी. ‘येणे बाकी नाही’ असा दाखला हवा असेल तर बाकी भरावीच लागेल, कारण दाखलाच त्या गोष्टीचा आहे. आणि पंचायतीची निवडणूक लढवायची असेल, तर कराचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत न भरणारा सदस्यत्वासाठी अपात्र ठरतो. तिथे कायद्यानेच कर आणि उमेदवारी एकमेकांना बांधली आहे. कायद्याने बांधलं असेल तरच ते बंधन. कार्यालयातल्या कुणी मनाने बांधलेलं बंधन नव्हे. घरपट्टी मात्र भरा; गावाचा खर्च त्यातूनही चालतो.

सोसायटीसमोरच्या मंडपात रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर चालू असतो. घरात हृदयरोगी वडील आहेत. मंडळवाले म्हणतात, धर्मस्वातंत्र्य हा आमचा मूलभूत हक्क आहे. पोलीस म्हणतात, सामंजस्याने घ्या.
(एक वाचक, नाशिक)

धर्मस्वातंत्र्य मूलभूत आहे, यात वाद नाही. पण संविधानाचं कलम २५ वाचून पाहा. त्याची सुरुवातच अटींनी होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातल्या इतर तरतुदी यांच्या अधीन राहून. त्या ‘इतर तरतुदीं’मध्ये कलम २१ येतं, म्हणजे तुमच्या वडिलांचं जगणं आणि झोप. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्यांची शांतता भंग करून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही. २००५ च्या निकालात तर कुणालाही बळजबरीचा श्रोता बनवता येणार नाही, हे स्पष्ट झालं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचं पुन्हा सांगितलं. मंडळ कोणत्या धर्माचं, यावर यातलं काहीच अवलंबून नाही.

आता मोजमाप. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा (सकाळी ६ ते रात्री १०) मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. सार्वजनिक जागेवर स्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त, किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे निवासी गल्लीतल्या मंडपाच्या हद्दीवर दिवसा ६५. आकड्यात दहाची वाढ लहान दिसते, पण दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, आणि त्या तारखा जिल्हाधिकारी जाहीर करतात. तेव्हा पहिलं काम, तुमच्या जिल्ह्याची त्या वर्षाची यादी मिळवा. तारीख यादीत असेल तर साडेअकरा वेळेत बसतात, आणि मग भांडण फक्त आवाजाच्या पातळीचं उरतं.

तक्रारी कुठे फसतात ते सांगतो. लोक मोबाइलवरच्या ॲपचा आकडा व्हिडिओत दाखवतात. तो अंदाजापुरता ठीक, पुरावा म्हणून लंगडा. मोजणी प्रमाणित यंत्राने व्हावी लागते, ती सरासरीची असते, आणि पंचनाम्यात जागा, अंतर आणि वेळ लिहावी लागते. हे राहिलं की प्रकरण कोर्टात टिकत नाही. पण सूट नसलेल्या रात्री १० नंतर हा प्रश्नच येत नाही. नियम ७ नुसार रात्रीच्या बंदीचा भंग झाला एवढंच तक्रारीला पुरेसं आहे, डेसिबल सिद्ध करावे लागत नाहीत. म्हणून तक्रारीत ‘फार मोठा आवाज’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक तारखेला रात्री १० वाजून ४० मिनिटांनी उघड्या मंडपात ध्वनिवर्धक चालू होता’ असं लिहा.

११२ वर फोन करा, वेळ टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात लेखी अर्ज देऊन आवक शिक्का घ्या. नाव उघड होण्याची भीती असेल तर उच्च न्यायालयाचा २०२५ चा आदेश तुमच्या बाजूने आहे: तक्रारदाराची ओळख विचारू नये आणि मंडळाला कळवू नये. जवळ दवाखाना आहे म्हणून १०० मीटरचं शांतता क्षेत्र आपोआप लागू होतं, असा समज आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ते राज्य सरकारने घोषित करावं लागतं. तसं घोषित झालंय का, हे माहिती अधिकारात विचारा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

आमच्या वर्गातला एक मुलगा राष्ट्रगीताला उभा राहतो, पण धार्मिक कारणाने गात नाही. राष्ट्रगीताचा आदर हे पहिलंच मूलभूत कर्तव्य. त्याच्यावर कारवाई करावी का?
(एक शिक्षिका, वसई)

करू नका. हुबेहूब असाच प्रसंग १९८५ मध्ये केरळात घडला. तीन भावंडं परिपाठाला आदराने उभी राहत, गात नसत. शाळेने त्यांना काढलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. उभं राहणं हाच आदर आहे, आणि गायलाच हवं असा कोणताही कायदा नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही येतं.

१९७१ चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा अनेकजण इथे पुढे करतात. त्याच्या कलम ३ मध्ये गुन्हा आहे तो राष्ट्रगीत गाण्यापासून हेतुपुरस्सर रोखण्याचा किंवा गाणाऱ्या समूहात गोंधळ घालण्याचा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शांत उभा असलेला मुलगा यांपैकी काहीच करत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि मानसिक छळालाही बंदी आहे. वर्गासमोर त्याला ‘देशद्रोही’ म्हणणं हा छळच. इतर मुलं चिडवत असतील तर बंधुभाव वाढवणं हेही त्याच यादीतलं कर्तव्य आहे, ते त्यांना शिकवा.

मी दुबईत आहे, भारतीय पासपोर्टवर. चुलतभाऊ लंडनमध्ये ओसीआय कार्डधारक, म्हणजे मूळचा भारतीय पण नागरिकत्व परदेशाचं. आम्हाला ही कर्तव्यं लागू होतात का?
(एक वाचक, दुबई)

कलम ५१-क ‘भारताच्या प्रत्येक नागरिका’बद्दल बोलतं. तुम्ही नागरिक आहात, तुम्हाला लागू. भाऊ नागरिक नाही. त्याला भारतात असताना समानता (१४) आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य (२१) ही ‘कोणत्याही व्यक्ती’साठीची कलमं मिळतात. पण १५, १६, १९, २९ आणि ३० ही नागरिकांसाठीच आहेत. मतदान हे मूलभूत कर्तव्य नाही आणि भावाला भारतात मत नाही. तुम्हाला आहे: नमुना ६-क भरा, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागेल. मत द्यायला मात्र स्वतः केंद्रावर यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन.

कारखान्याच्या फडाजवळच्या शाळेत ऊसतोड कामगारांच्या मुलांना घेत नाहीत. ‘टीसी आणा, आधार आणा.’ वर म्हणतात, शिकवणं हे आईबापांचं कर्तव्य, त्यांनीच पाळलं नाही.
(एक कार्यकर्ती, सांगली जिल्हा)

इथे कर्तव्याचा वापर दार लावायला होतोय, आणि तो उलटा आहे. ८६व्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. कलम २१-क मध्ये ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणं राज्यावर टाकलं, आणि ५१-क मध्ये पालकांचं कर्तव्य घातलं. दोन्ही १ एप्रिल २०१० पासून, शिक्षण हक्क कायद्यासोबतच, अमलात आली. ‘सक्ती’ कोणावर, हे त्या कायद्याच्या कलम ८ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय: सरकारवर. प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होईल हे बघणं सरकारची जबाबदारी. पालकांचं कर्तव्य कलम १० मध्ये आहे, पण ते न पाळल्याबद्दल दंड नाही. आणि आईबाप चुकले तरी त्याची शिक्षा मुलाला देता येत नाही, कारण हक्क मुलाचा आहे.

शाळेला लेखी पत्र देताना शिक्षण हक्क कायद्याची ही कलमं उतरवा. कलम ५: टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि टीसी लगेच न देणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून नकार नाही. कलम १५: वर्षाच्या मध्यात आलं तरी घ्यायचं. कलम ४: वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेल्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं. कलम ९: स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश हे स्थानिक प्राधिकरणाचंच काम. आधारबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलंय, शाळाप्रवेशाला ते सक्तीचं नाही.

खरी अडचण दोन गावांच्या मधे होते. टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. मूळ शाळेच्या पटावर नाव राहतं, म्हणून फडाजवळची शाळा ‘नाव आधीच दुसरीकडे आहे’ म्हणते. नवीन शाळेत नाव घातलं की परतल्यावर जुनी शाळा खळखळ करते. यावर शिक्षण हमी कार्ड हा उपाय आहे. मूळ शाळेने ते निघतानाच द्यायचं, म्हणजे तात्पुरत्या शाळेत मूल बसतं आणि जुनं नाव कमी होत नाही. कार्ड मुकादमाकडे ठेवू नका, आईकडे द्या. गावात हंगामी वसतिगृह असेल तर मूल आजीकडे राहून शिकू शकतं. ते हंगाम सुरू होण्याआधी मागावं लागतं, फडाजवळ कोपी (झोपडी) उभी राहिल्यावर उशीर झालेला असतो.

नकार आला तर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाने तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायची आहे, त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. तीन महिन्यांत निम्मा हंगाम संपतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात पत्र द्या.

हक्क डावलला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं ना? आणि शेजारी कर्तव्य पाळत नाही म्हणून याचिका करता येईल का?
(एक वाचक, अकोला)

संविधानाच्या कलम ३२ खाली थेट जाता येतं, आणि तो स्वतःच एक मूलभूत हक्क आहे. व्यवहारात मात्र कलम २२६ खाली उच्च न्यायालय जवळचं आणि अधिकार जास्त व्यापक असलेलं. तुमच्यासाठी नागपूर खंडपीठ. जाण्याआधी संबंधित अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करा. मागणी आणि नकार, किंवा मागणी आणि मौन, हे दाखवता आलं नाही तर याचिका पहिल्याच तारखेला अडते. विलंब झाला तरीही अडते. खर्चाची चिंता असेल तर १५१०० वर फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नुसत्या ५१-क वर नाही. न्यायालयं ते कलम वापरतात ते एखादा कायदा किंवा निर्बंध वाजवी आहे का हे तोलताना. शेजारी नाल्यात रसायन सोडत असेल तर ‘पर्यावरणाचं रक्षण हे त्याचं कर्तव्य’ लिहू नका. जलप्रदूषण कायदा, १९७४ लिहा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा.

गावकीने आम्हाला वाळीत टाकलंय. दुकानदार माल देत नाही, पालखी दारात येत नाही, बोलणाऱ्याला दंड. पोलीस म्हणाले, मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, हा खासगी मामला.
(एक वाचक, रायगड जिल्हा)

त्यांचं अर्धं वाक्य खरं आहे. बहुतेक मूलभूत हक्क कलम १२ मधल्या ‘राज्या’विरुद्धच मागता येतात. पण कलम १५(२) दुकानं, विहिरी, तळी आणि रस्ते यांवर जातीच्या वगैरे कारणाने अडवणूक करायला सगळ्यांनाच मनाई करतं. कलम १७ अस्पृश्यता, २३ वेठबिगार आणि २४ धोक्याच्या कामांतली बालमजुरी यांबाबत खासगी माणसालाही बांधतं. ही कलमं आली त्यामागे तुमच्याच जिल्ह्यातलं महाड आहे. नगरपालिकेने ठराव करूनही चवदार तळं उघडलं नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक पाण्यापाशी गेले, आणि कोर्टातला निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला.

तुमची अडचण थोडी वेगळी आहे. वाळीत टाकणारे तुमच्याच जातीचे असतील तर १५(२) नेमकं लागू होत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. ही पोकळी महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने भरली. तो २०१६ चा आहे आणि ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंधुभावाचं मूलभूत कर्तव्य चाळीस वर्षं नुसतं कागदावर होतं. त्याला हात मिळाला तो असा.

गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे ‘खासगी मामला’ म्हणून परत पाठवता येत नाही. तक्रारीत भावना कमी आणि तपशील जास्त हवा: बैठक कुठल्या तारखेला, कोणाच्या अंगणात, कोण हजर, ठराव कोणी वाचला, दंड किती आणि कोणी घेतला. दंडाची पावती, गटावर आलेला संदेश, दुकानदाराने ‘गावकीचं सांगणं आहे’ म्हटल्याचं रेकॉर्डिंग, सगळं जपा, आणि मूळ फोन बदलू नका. ‘सगळा गाव’ आरोपी म्हणून लिहिला की प्रकरण पातळ होतं. निर्णय घेणाऱ्या पाच-सहा जणांची नावं लिहा. ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने, आणि तरीही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल आणि बहिष्कार घालणारे नसतील, तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो, आणि मग तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो.

माफी मागून, दंड भरून मिटवा, असा निरोप येईल. दंड भरू नका. भरलाच असेल तर पावती जपा, तोच पुरावा. शिमग्याच्या तोंडावर दबाव वाढतो, कारण पालखीचा प्रश्न तेव्हाच येतो, म्हणून तक्रार त्याआधी द्या. ठाण्यात एकट्याने जाऊ नका, बाहेरगावचा एखादा नातेवाईक सोबत घ्या, आणि सही-शिक्क्याची प्रत हातात आल्याशिवाय तिथून उठू नका.